पत्र्याखालचा मे महिना

विदर्भात पोल्ट्री करणाऱ्याला विचारा, उन्हाळ्यात पक्षी कधी मरतात? भर दुपारी बारा वाजता, असं तो सांगणार नाही. मर लागते ती चारनंतर. बाहेर ऊन कलायला लागलेलं असतं, दिवसभर शेडवर राबलेला माणूस जरा टेकलेला असतो, आणि नेमके तेव्हा शेडच्या मधल्या भागात पक्षी पालथे पडायला लागतात. सकाळपासून अंगात साठत गेलेली उष्णता उतरवायला त्यांच्याकडे आता वाट उरलेली नसते. त्यात दिवसभर तापलेला पत्रा, भिंती आणि तुसाची गादी आपली धग बाहेर टाकत असतात.

कोंबड्यांचं शेड सौर ऊर्जेवर गार कसं ठेवायचं, हे सांगणारं हे पुस्तक लिहिताना मी हीच वेळ समोर ठेवली आहे: मे महिन्याचा शेवटचा आठवडा, दुपारी तीन ते रात्री नऊ. सौर पॅनेल विकणारा वर्षाच्या वीजबिलाचा हिशेब मांडतो. तो हिशेब खोटा नसतो, पण पोल्ट्रीवाल्याचं वर्ष या सहा तासांत तरतं किंवा बुडतं. या सहा तासांत पंखा आणि पाणी चालू राहील याची खात्री सौर ऊर्जेनं दिली, तर ती उपयोगाची. बिल वाचलं तर तो वरचा फायदा.

कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं. तिला घामाच्या ग्रंथी नसतात. थोडी उष्णता तुऱ्यातून आणि पायांतून जाते, बाकी सगळा भार श्वासावर. हवा तिशी ओलांडू लागली की ती चोच उघडते, गळा थरथरवत धापा टाकते आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ करून अंग गार ठेवू पाहते. या धापेची किंमत तिला मोजावी लागते. श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातो, रक्ताचा समतोल बिघडतो, आणि अंड्यावरच्या कोंबडीला कवचासाठी लागणारं कार्बोनेट कमी पडतं. उन्हाळ्यात पातळ कवचाची अंडी ट्रेमध्येच फुटतात, त्याचं एक मोठं कारण हे. धापा टाकणाऱ्या स्नायूंतूनही उष्णता निघतेच. अंगातलं तापमान ४६-४७ अंशांवर गेलं की मग कोणतंही औषध चालत नाही.

ब्रॉयलरचं दुखणं आणखी मोठं आहे. पाच आठवड्यांत दोन किलोच्या घरात जाणारा हा पक्षी सतत खातो आणि सतत पचवतो, आणि त्या पचनाची उष्णता त्याच्या अंगातून बाहेर पडत राहते. दोन किलोच्या एका पक्ष्याची ही उष्णता दहा ते वीस वॅट धरता येते. म्हणजे पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये उन्हाचा एक कवडसाही न येता पन्नास किलोवॅटहून जास्त उष्णता आतल्या आत तयार होत असते. कॉब, रॉस यांसारख्या जातींचा पाया अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, थंड हवेत घातला गेला. तिथं वाढीसाठी निवडलेला पक्षी आपण चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या ४६ अंशांत पत्र्याखाली वाढवतो.

अशा शेडमध्ये दुपारी साडेतीनला पाऊल टाकलं की आधी लक्षात येतं ते कलकल थांबल्याचं. हजारो चोचींतून चाललेली धाप तेवढी ऐकू येते. पक्षी पंख अंगापासून दूर धरून, गळे पुढं काढून बसलेले असतात. निपलच्या रांगेखाली दाटी झालेली, भांड्यांतलं खाद्य सकाळी टाकलं तसंच. हात नुसता वर केला तरी पत्र्याची धग तळव्याला लागते. बाहेरच्या अंगानं तो साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापलेला असतो. जाळीला लावलेल्या गोणपाटांवर घरातली बाई पाइपनं पाणी मारत असते. पाइपातून येणारं पहिलं पाणी हाताला पोळतं, कारण पाइप सकाळपासून उन्हात पडलेला आहे. त्याच टाकीतलं, तसंच तापलेलं पाणी निपललाही जात असतं. एरवी खाद्याच्या दुप्पट पाणी पिणारा पक्षी उन्हाळ्यात चौपट पाणी मागतो, आणि ते कोमट असेल तर पीत नाही. सौर ऊर्जेबद्दल विचारायला आलेल्या माणसाला मी आधी पाइप जमिनीत गाडायला आणि टाकीवर सावली करायला सांगतो, ते यासाठी.

हा धंदा आता लहान राहिलेला नाही. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, आणि परसातली कोंबडी शेडमध्ये आली. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक आणि महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी ४३ लाख कुक्कुटपक्षी मोजले गेले. मे २०१५ च्या उष्णतेच्या लाटेत आंध्र प्रदेश आणि तेलंगणात दोन हजारांहून जास्त माणसं दगावली. त्याच दिवसांत तिथल्या शेडांतून मेलेले पक्षी लाखांनी बाहेर काढावे लागले. माणसांच्या मृत्यूपुढं त्या पक्ष्यांची गोष्ट मागं पडली, आणि ते योग्यच. पण ज्यांच्या घरात बँकेचा हप्ता त्या शेडवर चालतो, त्यांच्या उन्हाळ्याचा विचार कधीतरी स्वतंत्रपणे व्हायला हवा.

विजेआधी शेडच्या आकाराबद्दल थोडं बोलतो, कारण चुकीच्या शेडवर कितीही पॅनेलं टाकली तरी ती पुरत नाहीत. लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत घुसत नाही. रुंदी तीस फुटांच्या आत ठेवली तर वारा आरपार जातो. बाजूची भिंत फूट-दीड फूट, वर जाळी, आणि छप्पर भिंतीच्या तीन-चार फूट बाहेर काढलेलं. पत्र्यावर मार्चमध्येच चुन्याचा जाड हात द्यावा. वरून पराटी, तुराट्या किंवा उसाचं पाचट अंथरण्याची रीत चांगली आहे, फक्त ते वाळलं की ठिणगीला निमंत्रण असतं. ओलं ठेवणं जमणार असेल तरच अंथरा. दुपारी खाद्याची भांडी वर उचलून ठेवायची आणि पहाटे चारला दिवा लावून खाऊ घालायचं, यालाही फारसा खर्च नाही. हे सगळं करून आत तीन-चार अंशांचा फरक पडतो आणि पुढच्या यंत्रणेचा आकार तेवढा लहान होतो.

आता पाणी आणि वारा. नागपूरकराला शेडमधलं कुलिंग पॅड समजावून सांगावं लागत नाही, त्याच्या घराच्या खिडकीत कूलर असतोच. ओल्या पॅडमधून हवा ओढली की पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. मे महिन्यात नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यातला तापमापक २३ च्या आसपास दाखवतो. बऱ्यापैकी पॅड त्या दिवशी शेडमध्ये २८-२९ अंशांची हवा आणून सोडतं. हेच पॅड रत्नागिरीला ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत लावा, हवा तिशीपर्यंतच उतरेल, आणि तीही पाण्यानं जड झालेली. पक्ष्याची धाप वाफेवर चालते. हवेतच ओल भरली की धाप वाया जाते. म्हणून कोकणात आणि गोव्यात पाण्याचं धुकं सोडणाऱ्या फॉगरपेक्षा वाऱ्याला जास्त किंमत आहे, आणि पंखे बंद असताना नुसते फॉगर सोडणं तर कुठंच करू नये. तूस भिजतो, अमोनिया सुटतो, आणि पक्षी उष्म्यानं मरायचा तो कोंडून मरतो.

विदर्भातही असे दिवस येतात. नवतपात, एखाद्या संध्याकाळी वळवाची सर पडून जाते, वारा पडतो आणि जमिनीतून वाफ उठते. लोकांना वाटतं, पाऊस झाला, आता सुटलो. सगळ्यात जास्त मर मी अशाच संध्याकाळी झालेली पाहिली आहे. त्या वेळी फॉगर बंद करून मिळेल तेवढा वारा पक्ष्यांच्या अंगावरून न्यायचा असतो. उलट कोरड्या दुपारी हवा ३८-४० अंशांच्या वर असताना नुसता वारा भागवत नाही, पाणी लागतंच. कोणत्या वेळी काय चालू आणि काय बंद, याचं कोष्टक पुस्तकात दिलं आहे. पंखे आणि पंप वेगवेगळ्या स्विचवर हवेत, हा आग्रह त्यातूनच आला.

पाण्याचा हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करायला हवा. बोगद्यासारख्या बंद, दहा हजार पक्ष्यांच्या ईसी (नियंत्रित हवेच्या) शेडमध्ये सगळे मोठे पंखे चालू असताना, नागपूरच्या त्या ४४ अंशांत पॅडवरून तासाला दीड-दोन हजार लिटर पाण्याची वाफ होते. दुपारभरात एक टँकर उडून जातो. मे महिन्यात ज्या गावाला प्यायचं पाणी टँकरनं येतं, तिथं असं शेड बांधण्याच्या मी विरोधात आहे. पाण्यात क्षार असले तर दोन उन्हाळ्यांत पॅड पांढरं पडून बुजतं, हा आणखी एक खर्च.

वीज. शेड असतं शेतात. गावठाणाचा फीडर वेगळा झाल्यापासून गावात बरीच वीज राहते. शेतीच्या फीडरवर मात्र थ्री फेज आलटून पालटून कधी दिवसा, कधी रात्री, काही तासच. शिवाय उन्हाळ्याच्या संध्याकाळी दाब इतका उतरतो की पंखा फिरतो पण वारा देत नाही, आणि मोटर जळते. ट्रान्सफॉर्मरची डीपी गेली तर दोन-तीन दिवस पाहावं लागत नाही. उघड्या शेडमध्ये निदान जाळीतून हवा येते. बंद ईसी शेडमध्ये वीज गेली आणि जनरेटर उचलला नाही, तर अर्ध्या तासाच्या आत पक्षी पडू लागतात. याच विदर्भात कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं आहेत, चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं केंद्र आहे. कोळसा इथं जळतो, त्याची राख इथं पडते, आणि इथल्या शेडवर संध्याकाळी पाचला पंखा थांबतो. मला हे पटत नाही, आणि कुणाला पटावं अशी माझी अपेक्षाही नाही.

राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. शेतीला दिवसा वीज, हा तिचा हेतू, आणि पंपासाठी तो अगदी योग्य. पंप सकाळी पाणी ओढून मोकळा होतो. कोंबडीला मात्र सूर्य कलल्यावर वारा हवा असतो. इथं एक गोष्ट फारशी कुणी पाहत नाही. पीएम-कुसुम योजनेतून हजारो शेतांत सौर पंप बसले आहेत. पाच एचपीच्या पंपामागे साधारण पाच किलोवॅटची पॅनेलं असतात. मे महिन्यात रब्बी निघालेला असतो, खरीप पेरायचा असतो. संत्र्याची बाग किंवा उन्हाळी पीक नसेल तर ती पॅनेलं भर उन्हात रिकामी उभी असतात, आणि शंभर पावलांवर शेड तापत असतं. युनिव्हर्सल कंट्रोलर लावला की त्याच पॅनेलांवर पंपाखेरीज इतर यंत्रं चालवता येतात. योजनेच्या अटी पाहूनच ते करायचं, पण नवी पॅनेलं विकत घेण्याआधी शेतातल्या जुन्या पॅनेलांकडे पाहावं. या विषयाला मी अख्खं प्रकरण दिलं आहे.

सर्वांत जास्त फसगत होते ती इन्व्हर्टरच्या निवडीत. ऑन-ग्रिड पद्धतीचा साधा सौर इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतःही बंद होतो. तो बिघाड नसतो, ती सुरक्षेची अट आहे: तारेवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या पॅनेलची वीज लागू नये म्हणून. पण विकणारा हे ठसवून सांगत नाही. ओळखीच्या एका शेतकऱ्यानं कर्ज काढून शेडवर दहा किलोवॅट बसवले. एप्रिलमध्ये भर दुपारी लाईन गेली, पॅनेलांवर लख्ख ऊन, आणि खाली सगळे पंखे थांबलेले. तो पॅनेलांकडे बघत राहिला, बायको-मुलं पुठ्ठ्यांनी वारा घालत राहिली. ज्यानं यंत्रणा विकली त्यानं कागदावर सही घेतलेली होती, त्यात ही अट बारीक अक्षरात होती. पोल्ट्रीला हायब्रिड इन्व्हर्टरच लागतो, जो लाईन नसतानाही पॅनेल आणि बॅटरीवर शेड चालवतो. तो महाग पडतो, तरी त्यात काटकसर करू नका.

आणि मग संध्याकाळ. सूर्य डोक्यावर बारा-साडेबाराला येतो, हवा सर्वांत तापते तीन-चारला, आणि पक्षी पडतात त्यानंतर. मे महिन्यात पाच किलोवॅटची पॅनेलं दुपारी चार किलोवॅटच्या आसपास देतात, कारण तापलेलं पॅनेल कमी वीज देतं. दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट धरावी. चार वाजता हा आकडा निम्म्यावर येतो, साडेपाचनंतर नावाला उरतो. ही पोकळी भरण्याचे तीन मार्ग मला पटतात. पहिला, काही पॅनेलं पश्चिमेकडे तोंड करून बसवणं. वर्षाचे एकूण युनिट थोडे घटतात, पण संध्याकाळचे वाढतात. दुसरा, पाण्याची उंच टाकी. दुपारी वीज जास्त असताना ती भरून ठेवली, तर पत्र्यावरचे फवारे आणि पॅडचं पाणी संध्याकाळी उतारानं चालतं, पंपाला बॅटरी लागत नाही.

तिसरा मार्ग पंख्याच्या स्वभावात आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण लागणारी वीज निम्मी होत नाही, ती आठव्या हिश्श्यावर येते. म्हणजे एक पंखा पूर्ण वेगानं चालवण्याऐवजी तसेच दोन निम्म्या वेगानं चालवले, तर वारा तेवढाच आणि वीज चौथा हिस्सा. प्रत्यक्षात मोटरचं आणि घर्षणाचं नुकसान धरून फायदा थोडा कमी होतो, तरी भरपूर उरतो. वीज ग्रिडची असते तेव्हा जादा पंख्यांचा खर्च कुणाला सोसत नाही. बॅटरीची किंमत समोर आली की मात्र जादा पंखेच स्वस्त पडतात. वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा आणखी एक गुण: साधी मोटर सुरू होताना पाच-सहापट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो, ड्राइव्ह ती हळूहळू उचलते. पाच हजार पक्ष्यांच्या उघड्या शेडसाठी या पुस्तकात मांडलेली यंत्रणा पाच किलोवॅट पॅनेल, दहा-बारा युनिटांची लिथियम बॅटरी आणि गरजेपेक्षा जास्त पंखे अशी आहे, ती याच हिशेबावर बेतलेली. जनरेटर काढून टाका असं मी कुठंही म्हटलेलं नाही.

पॅनेलं शेडवर की जमिनीवर? शेडवर टाकली तर पत्र्याला सावली मिळते, हा मोठा लाभ. पण वळवाच्या आधीची वादळं नुसत्या पत्र्यांनाच उडवून नेतात. जुन्या अँगलवर पॅनेलांचा भार चढवण्याआधी बांधणी तपासून घ्या. शंका असेल तर जमिनीवर, शेडच्या पश्चिमेला, उन्हाची तिरीप अडेल अशी उभी करा. तूस आणि पिसांची धूळ पॅनेलांवर बसते, त्यामुळं आठवड्यातून एकदा पहाटे धुणं आलंच.

बाकीच्या मार्गांना मी कमी पानं दिली आहेत. लेअरवाल्यांकडे विष्ठा भरपूर असते आणि तिच्या बायोगॅसवर संध्याकाळी जनरेटर चालू शकतो. फक्त तिच्यात नत्र फार, म्हणून शेण किंवा काडीकचरा मिसळावा लागतो, नाहीतर टाकीत गॅस धरत नाही. दोन-तीन मीटर खोल पुरलेल्या नळ्यांतून हवा आणण्याचा प्रयोग पिल्लांच्या खोलीपुरता बरा. हजारो मोठ्या पक्ष्यांना लागणारा वारा त्यातून यायचा तर खोदाईच शेडच्या किमतीला जाते.

पैशाबद्दल स्पष्ट लिहिणं भाग आहे. करार पद्धतीत पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं. शेड, पाणी, वीज आणि मजुरी शेतकऱ्याची. पस्तिसाव्या दिवशी मेलेला पक्षी तीन किलोहून अधिक खाद्य खाऊन मेलेला असतो. त्याचा एफसीआर (किलोभर वजनामागे लागलेलं खाद्य) शेतकऱ्याच्या नावावर चढतो आणि किलोमागचा दर खाली येतो. शेड गार राहिलं तर खाद्य अंगी लागतं, माल वेळेत निघतो, आणि यात कंपनीचाही तेवढाच फायदा असतो. तरी गारव्याचा सगळा खर्च एकट्या शेतकऱ्यानं का करावा? एप्रिल-मेच्या बॅचचा दर ठरवताना हा खर्च धरला गेला पाहिजे, आणि करारात तसं कलम यायला हवं. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन मागितल्याशिवाय ते येणार नाही. मसुदा शेवटच्या परिशिष्टात आहे, तो गावच्या गटात वाचून दुरुस्त करून घ्यावा.

हिशेबांत वापरलेले तापमानाचे आकडे नागपूर आणि रत्नागिरीचे आहेत. तुमचं शेड सोलापूरला, जळगावला किंवा बेळगावला असेल तर ते बदलतील. त्यामुळं यंत्रणेचं कोटेशन मागवण्याआधी एक काम करा. दोन साधे तापमापक घ्या, एकाच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळून त्याचं शेपूट पाण्याच्या वाटीत सोडा, आणि दोन्ही पक्ष्यांच्या पाठीच्या उंचीवर, जमिनीपासून फूटभर वर, शेडच्या मध्यभागी टांगा. एप्रिलभर रोज तीन, पाच, सात आणि नऊ वाजता दोन्ही आकडे वहीत मांडा; त्यांच्यातलं अंतर जितकं मोठं तितकं पाणी उपयोगाचं, आणि जितकं लहान तितका वारा. लाईन कधी गेली, कधी आली, तेही शेजारी लिहा. दुसऱ्या प्रकरणातली गणितं या वहीवरूनच करायची आहेत.